चार नंबरच्या मशिनीतलं तुझं गाणं

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय अक्का,

बारा वर्षांत तुला एकही पत्र लिहिलं नाही, आणि आज लिहितेय ते एका गाण्यापायी. तुझ्याच गाण्यापायी. ते मी विकत घेतलं. रीतसर घेतलं, पावतीसुद्धा आहे. आणि तरीही ते माझ्याकडे आहे की नाही, हेच मला कळत नाही. ज्यांनी ते घेतलेलं नाही त्यांना कुठेही बसून ऐकता येतं, आणि मी घेतलं तर मला येत नाही! असं कसं असेल गं? डोकं भणाणून गेलंय माझं. आणि डोकं भणाणलं की अक्काला विचारायचं, ही सवय काही अजून सुटलेली नाही.

आपण बुद्धाची माणसं. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं आपल्यात बसत नाही, हे मला कळतं. विहारातल्या भंतेजींनी बघितलं तर हसतील. हसू देत. पण काल संध्याकाळी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आणि ते पहिल्यापासूनच सांगायला हवं, कारण मलासुद्धा ते एकदा नीट लावून बघायचंय.

फेब्रुवारीत मी कबनूरला सदामामाला फोन केला. मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हटलं चौकशी करावी. तुझ्या वेळी फोन केला की नुसतं ट्रिंग ट्रिंग वाजायचं. आता मोबाइलवर त्या जागी गाणं लावतात. समोरचा फोन उचलेपर्यंत करणाऱ्याच्या कानात ते वाजत राहतं. मी फोन कानाला लावला, आणि तू गायला लागलीस!

“ऊठ गं बाळे, घंटा झाली, वेणी घालू ये गं...”

कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते, तिथल्या बाकावर मटकन बसले. तूच होतीस. प्रत्येक ‘गं’ जरासा नाकातून काढणारी दुसरी कोण असणार? तू धृपद म्हटलंस, मागून कोरस आला, पुढची ओळ तू उचलतेयस तोच मामा मध्ये कडमडला, “हॅलो! कोण? सुमन हाय व्हय?”

मी फोन कट केला आणि परत लावला. परत तू. परत मामा. असं तीनदा झाल्यावर मामा पेटला.

“अगं ए, बोल की! लावतीस काय, ठेवतीस काय! चेष्टा लावलीयास व्हय म्हाताऱ्याची?”

“मामा, उचलू नका!” मी ओरडले.

“आँ?”

“फोन वाजला तरी उचलू नका. नुसता वाजू द्या.”

“मग फोन करतीस तरी कशाला गं?”

आणि गंमत बघ, मामाला पत्ताच नव्हता की त्याच्या फोनवर तू गातेस. ज्याचा फोन त्याला ते गाणं ऐकूच येत नाही! “कंपनीच्या बाईचा फोन आलता. एक दाबा म्हणाली, दाबलं,” एवढंच त्याचं म्हणणं. मामीनं शेजारच्या फोनवरून त्याला फोन लावून दिला, तेव्हा कुठे त्यानं तुला ऐकलं. नंतर म्हणाला, “आपली विमीच की ही.”

त्यानंतर महिनाभर मी रोज ऑफिसात डबा खाऊन झाला की, सुट्टीला घरी जेवण झालं की, मामाला फोन लावायचे आणि मामा इमानदारीनं उचलायचा नाही. मार्चमध्ये एकदा लावला, तर कुठला तरी सिनेमातला बाप्या गायला लागला. मी हबकले. मामाला विचारलं तर म्हणतो, “म्हैना संपला की गं.” म्हणजे काय? गाणं महिन्याच्या बोलीवर असतं? भाडेकरू उठून गेल्यासारखं उठून जातं? तुझ्या वेळी तर असलं काही नव्हतं.

तुझ्या वेळी कॅसेट होती. आठवतं? चौऱ्याण्णव साल. त्या कॅसेटवाल्यांची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरची माडी. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. गिरणी दुपारी जेवायला बंद व्हायची, तेवढ्यातच काय ते गायचं. मी कोरसमध्ये. खालून आलेलं पीठ नाकात जाऊन मी बरोबर तुझ्या तानेवर शिंकले, आणि तू सगळ्या वाजवणाऱ्यांदेखत माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की चार दिवस वळ होता. तुझी एक वर्षाची प्रज्ञा आपल्या आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्यासाठीच तर बांधलेलं गाणं ते. तुला सातवीतनं काढून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं होतं ना, म्हणून लेकीच्या शाळेचं गाणं.

मानधन म्हणून तुला त्यांनी कॅसेटी दिल्या, त्याही तू वाटून टाकल्यास. ढोलकीवाल्याला एक, विहाराला एक, नणंदेला एक, दूधवाल्यालासुद्धा एक! “त्येला आवाडतंय गाणं,” म्हणे. माझ्यावर रागावू नकोस, पण एखादी जास्तीची नको होती का ठेवायला? तुला काय वाटलं, तू जन्मभर पुरणार आहेस?

आता जे सांगते ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, तुझ्या भाऊजींनासुद्धा नाही.

तुला काविळीनं नेलं तेव्हा प्रज्ञा चार वर्षांची होती. जयसिंगपूरच्या दाजींनी दुसरं लग्न केलं. माणूस वाईट नव्हता, पण नव्या बाईला पहिलीचं लेकरू नको होतं, म्हणून मी तिला कोल्हापूरला आणली. माझ्या पिशवीत माझी कॅसेट होतीच. पहिल्याच रविवारी मी ती लावली. आणि तुझी लेक टेपरेकॉर्डरच्या मागे जाऊन तुला शोधायला लागली गं! “आई हितं हाय? आतमधी?” झाकण उघडायची, बंद करायची. दुसऱ्या दिवशी तेच. रात्री जेवेना, “आईला भायेर काढ” म्हणून रडायची.

मी ती कॅसेट लपवली. न्हाणीत बंब होता ना आपला, पाणी तापवायचा, त्याच्या वरच्या फळीवर, घंगाळाच्या मागे. सगळ्यांना म्हटलं, लेकराला त्रास होतो. ते खरंही होतं. पण पुरतं खरं नव्हतं. मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी त्याच वर्षी सांगितलं होतं अक्का. मला तिनं ‘आई’ म्हणायला हवं होतं, आणि तू गात असताना ती मला मावशीच म्हणायची.

सहा महिन्यांत ती मला आई म्हणायला लागली. तुझ्या फोटोला ‘मोठी आई’ म्हणायची. पुढे तीन-चार वर्षांनी मनाला लागून राहिलं म्हणून मी ती कॅसेट खाली काढली, तर बंबाच्या धगीनं वाकडी होऊन बसलेली. आतली फीत चिकटून तिचा गोळा झालेला. पेन्सिल घालून फिरवली, तर तुटलीच. रोज सकाळी मी बंब पेटवत होते, आणि वर तू भाजत होतीस! इतर कॅसेटी शोधायला मी कबनूरपासून जयसिंगपूरपर्यंत फिरले. तुझ्या नणंदेनं तर तिच्या कॅसेटवर दिराच्या लग्नातल्या सनया भरून ठेवल्या होत्या.

तेव्हापासून प्रज्ञानं तुझं गाणं ऐकलेलं नाही, हे माझ्या जिवाला लागलेलं. सोळा वर्षांची पोर, आईचा आवाज कसा होता ते तिला माहीत नाही, आणि तो मी घालवला. आता कळलं ना, मामाला ‘उचलू नका’ का म्हणत होते ते? एकदा गाणं हाताशी आलं की तिच्यापुढे ठेवायचं आणि सगळं कबूल करायचं, असं मी ठरवलं होतं.

तर मामाच्या फोनवरून तू गेलीस आणि मी राजारामपुरीतल्या नेट कॅफेत गेले. कॅफे म्हणजे चहाचं दुकान नव्हे बरं का! ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले असतात, तासावर बसायचं. मालक तानाजी. बिद्रीकडचा, घरची जनावरं आहेत, पहाटे दूध घालतो आणि नऊला येऊन हे दुकान उघडतो. भला मोठा आवाज. म्हणाला, “गाण्याची वळ सांगा ताई, हुडकू की!” आणि हुडकलंही. त्या कॅसेटवाल्यांनी म्हणे आपला सगळा माल मुंबईच्या कुणाला तरी विकला, आणि त्यांनी तो इंटरनेटवर चढवला. वर लिहिलेलं काय, तर ‘लोकगीते, गायिका व संच’. तुझं नाव नाही! तुझा आवाज आहे, माझा कोरस आहे, पण तू नाहीस. याचा राग कुणावर काढायचा?

तिथे दोन बटणं होती. एक, ऐका. दुसरं, विकत घ्या. आणि खाली एक आकडा, गाणं आजवर किती वेळा ऐकलं गेलं त्याचा. पहिल्या दिवशी तो सात होता.

मी ‘ऐका’ दाबलं. कानावर ते हेडफोन. तू गायलीस, पूर्ण गायलीस, कुणी मध्ये ‘हॅलो’ म्हटलं नाही. माझी शिंक त्यांनी काढून टाकलेली आहे, काळजी करू नकोस. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले. तानाजीनं पंखा माझ्याकडे फिरवला आणि शहाण्यासारखा दुसरीकडे बघत बसला.

मग मी त्याला विचारलं, “हे आता कायम इथे राहणार ना?”

“तसं न्हाय सांगता येत,” तो म्हणाला. “गाणं हितं नसतंय ताई. कुठं लांब परदेशात मोठ्या मशिनी हायत, त्यात असतंय. हितं नुसतं येतंय आन् वाजून जातंय. त्येनी काढलं की गेलं.”

विहारात आपण दर पौर्णिमेला म्हणतो की सगळं अनित्य आहे. मीही म्हणते, मान डोलावून म्हणते. पण या एका गाण्याच्या बाबतीत मला नित्यच पाहिजे होतं! मी म्हटलं, “मग दुसरं बटण दाबा. मला विकत पाहिजे.” माझ्याकडे कार्ड नव्हतं, त्यानं त्याचं वापरलं, मी पैसे तिथेच हातात दिले. गाणं उतरलं. “आता तुमचं झालं की हो ताई! आता कोण हात लावतंय!” त्यानं ते एका बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर घालून दिलं. मी तो रुमालात बांधला, रुमाल पर्समध्ये, पर्स छातीशी. टेंबलाईवाडीला घरापर्यंत चालत आले, रिक्षासुद्धा केली नाही, कुणी हिसकावलं तर काय करायचं!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे चहाला गेल्यावर तो कोर्टाच्या कॉम्प्युटरला लावला. गाणं वाजेना. इंग्रजीत पाटी आली, या मशिनीला हे गाणं वाजवायचा परवाना नाही. परवाना! अठरा वर्षं कोर्टात कारकुनी केली मी, हजार परवाने टाइप केले, पण सख्ख्या बहिणीचं गाणं ऐकायला परवाना लागतो हे कधी वाचलं नव्हतं.

संध्याकाळी तणतणत तानाजीकडे. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, “ताई, आसं झालंय बगा. गाणं तुमचंच हाय. पर ज्या मशिनीवर घेतलं त्याच मशिनीवर वाजतंय. म्हंजे चार नंबरवर.”

“म्हणजे माझं गाणं तुमच्या चार नंबरच्या मशिनीत आहे?”

“व्हय की.”

“आणि मशीन तुमची.”

“मशीन माजी. गाणं तुमचं. कायम हितंच ऐका की, मी कुठं न्हाय म्हणतोय!”

घरी येऊन तुझ्या भाऊजींना सांगितलं. एसटीत जन्म घालवलेला कंडक्टर माणूस. म्हणाले, “म्हणजे तिकीट तू काढलंस, पण बस डेपोतनं हलणार न्हाय.” असंच काहीसं झालं होतं. आणि विकत न घेता नुसतं ऐकणारा? तो कुठल्याही मशिनीवर बसतो, बटण दाबतो, तू गातेस! त्याचं काही अडत नाही. पण उद्या त्यांनी गाणं काढलं, तर त्याचं संपलं आणि माझं राहिलं. पण माझं कुठे? तर दुसऱ्याच्या दुकानात! आता तूच सांग, यात शहाणा कोण? मी कागदावर दोन रकाने पाडून लिहून बघितलं, तरी मला कळलं नाही.

मग दर रविवारी सकाळी मी चार नंबरवर. तिथे कुणी कॉलेजचा पोरगा बसलेला असला की मी मागे उभी. “नऊ नंबर मोकळा हाय मावशी,” तो म्हणायचा. “मला चारच पाहिजे,” मी म्हणायचे. काही तरी नवस बोललाय या बाईनं, असं वाटत असणार त्यांना. प्रज्ञाला सांगायचं मात्र दर आठवड्याला पुढे ढकलत होते. तिला कॅफेत आणून चार पोरांच्या मध्ये आईचा आवाज ऐकवायचा? आणि मग तिथेच बंबाचं सांगायचं? माझा धीरच होईना.

तेवढ्यात तो आकडा वाढायला लागला. मी तर आता माझं विकतचं ऐकत होते, ‘ऐका’चं बटण दाबत नव्हते. तरी दुसऱ्या रविवारी सातावरून एकवीस. तिसऱ्या रविवारी चाळीस. कोण ऐकतंय? मामाला विचारलं, त्याला कॉम्प्युटर कशाशी खातात ते माहीत नाही. अमेरिकेतलं कुणी असेल? तुझा दूधवाला? एका रविवारी तर वेड्यासारखं मनात आलं, अक्काच आपलं आपण ऐकत नसेल ना! हसू नकोस. सगळंच इतकं अधांतरी झालं होतं, की तेवढंच काय अशक्य होतं?

काल शनिवार. कोर्टाला सुट्टी होती, म्हणून म्हटलं आजच जाऊन यावं. गेले, तर चार नंबरच्या पडद्यावर सगळं नवं, कोरं. माझं गाणं नाही. तानाजी म्हणाला, “व्हायरस आलता ताई. सगळं पुसून नवीन घातलं.”

“आणि माझं गाणं?”

त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. पेन ड्राइव्ह लावून बघितला, तर आता चार नंबरलाही परवाना नाही. मी कधी कुणाला बोलले नाही इतकं त्याला बोलले. लोक कॉम्प्युटर सोडून बघायला लागले. माझ्या बहिणीला तू दुसऱ्यांदा मारलंस, असंसुद्धा म्हणाले. बिचारा! त्यानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग म्हणाला,

“चुकलं माजं. पर ताई, विकतचं गेलं आसंल, फुकटचं हाय की अजून. तुमची लेक ऐकतीया न्हवं रोज.”

“माझी लेक?”

“व्हय की. एक वेणी हाय, चष्मा हाय. वहीत पत्ता तुमचाच लिवती. क्लास सुटला की येतीया, नऊ नंबरला बसतीया. एकच गाणं. दहा-पंधरा मिन्टं ऐकती आन् जाती. मला वाटलं, तुमीच लावून दिलीया.”

मी त्याच्या काउंटरमागे स्टुलावर बसून राहिले. साडेपाचला क्लास सुटला, आणि आली गं! दप्तर पायाशी ठेवलं, नऊ नंबरवर बसली, हेडफोन घातले. माझ्याकडे पाठ. तिचा उजवा पाय ठेका धरायला लागला, आणि मला कळलं तू कुठल्या ओळीवर आहेस ते.

गाणं संपेपर्यंत मी थांबले. मग जाऊन खांद्यावर हात ठेवला. दचकली. पडदा झाकायला हात पुढे केला तिनं! परीक्षेत कॉपी पकडल्यासारखं तोंड झालं पोरीचं.

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“कुणी न्हाय. तू सदामामाला फोन लावायचीस आन् बोलायचीच न्हाईस. म्हणून एकदा मीच तुझ्या फोनवरनं लावून बघितला. मग ती वळ हितं येऊन हुडकली.”

“मग तुला कसं कळलं, हे तिचं गाणं म्हणून?”

“मागं कोरसमधी तू हाईस की,” ती म्हणाली. “तुझा आवाज वळखला. मग म्होरं कोण आसणार?”

पुढे तू होतीस, मागे मी होते, आणि पोरगी माझा आवाज धरून तुझ्यापर्यंत पोचली होती.

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुला वाईट वाटलं आस्तं,” ती म्हणाली. “तुला वाटलं आस्तं, हिला आता मोठी आई पायजे.”

तिथल्या तिथे मी तिला सगळं सांगितलं. कॅसेट, फळी, बंब, आणि डॉक्टर काय म्हणाले होते तेसुद्धा. ती चष्मा पुसत ऐकत राहिली. रागावली नाही. का रागावली नाही, हेही मला कळत नाही. तिच्या जागी मी असते तर रागावले असते. तानाजी लांबून म्हणाला, “स्पीकर लावू का? दोघी मिळून ऐका.” आम्ही दोघी एकदमच म्हणालो, “नको!”

आत्ता हे लिहिताना सुचतंय. आपला जुना टेपरेकॉर्डर नेऊन तानाजीच्या स्पीकरपुढे धरला असता, तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं! ना परवाना, ना चार नंबर. आहे की नाही मी बावळट? उद्याच नेते. पण खरं सांगायचं ते हे नाहीच.

कॅफेतून निघालो आणि चालत घरी येत होतो. चढाला लागल्यावर प्रज्ञानं विचारलं, “आई, गाताना कळलं. पर मोठी आई बोलायची कशी गं?”

“कशी म्हणजे?”

“म्हंजे गाताना वेगळंच आस्तंय की माणूस. नुसती बोलायची कशी? घरात?”

मी उभीच राहिले. बोलण्याची कॅसेट कुणी काढत नाही. ते कुठल्या परदेशातल्या मशिनीत नसतं, विकत मिळत नाही, फुकट मिळत नाही. ते तर कायमचंच गेलं की! म्हटलं, मोठ्यानं बोलायची. मागाच्या खडखडाटात वाढलेली माणसं आम्ही, ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही. म्हटलं, गोड नव्हती अजिबात. गाताना होती तेवढी. पण पोरीचं समाधान होईना. “म्हणून दाव की.”

मला येईना. तुझा आवाज डोक्यात होता, तोंडात येईना. मग म्हटलं, थांब, ती मला रागावायची तसं म्हणून बघते. रस्त्यात माणसं होती. मी पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि ओरडले,

“सुमे! अगं ए सुमे! किती हाका मारायच्या? कानात बोळं घातल्यात काय गं? आन् उपाशी कुठं निघालीस? तोंड बघ कसं वाळलंय! दोन घास खाऊन जा म्हंते न्हवं!”

एक सायकलवाला वळून बघायला लागला. प्रज्ञा हसली नाही.

“आई,” ती म्हणाली, “हे तर तू मला रोज म्हणतीस.”

“मी?”

“रोज. क्लासला निघताना. आसंच, कमरंवर हात ठिवून. ‘तोंड बघ कसं वाळलंय.’ आवाजबी ह्योच.” आणि मग सावकाश, आपणच आपल्याला समजावत असल्यासारखी म्हणाली, “म्हंजे मला म्हाईत हाय की. मी रोज ऐकतीय की तिला.”

अक्का, मी रस्त्यात रडले गं. तुला घरातून घालवायला मी कॅसेट लपवली, आणि तू माझ्याच घशात बसून राहिलीस! बारा वर्षं तुझ्या लेकीला जेव म्हणालीस, वेणी नीट घाल म्हणालीस, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. ती मला आई म्हणते, तेव्हा नक्की कुणाला म्हणते? माझा गोंधळ काही कमी झालेला नाही. पण आता या एका गोष्टीचा उलगडा व्हावा, असं मला वाटतही नाही.

तुला एक शब्द देते. मी ओरडायचं सोडणार नाही. बारावीनंतर ती पुण्याला शिकायला जाईल, तेव्हा फोनवरून ओरडेन. मोठी झाली, साहेबीण झाली, चारचौघांत लाजली, तरी ओरडेन. घसा बसला तर हळद-दूध घेईन आणि परत ओरडेन. जोवर मी आहे तोवर ती एक दिवसही उपाशी बाहेर पडणार नाही, आणि एक दिवसही तुला ऐकल्याशिवाय बाहेर पडणार नाही.

तुझीच,
सुमी